गिरणगाव : मुंबईच्या मध्यभागाची जडणघडण आणि मसुरे परिसर

औद्योगिक शहराचा मध्यभाग म्हटला की बाजारपेठ, पेढ्या, कचेऱ्या आणि सरकारी इमारती डोळ्यांसमोर येतात. मुंबईची गोष्ट निराळी आहे. येथे कचेऱ्या दक्षिण टोकाला कोटात राहिल्या, बाजार काळबादेवी, मांडवी, भुलेश्वर या भागांत भरला. आणि बेटाच्या ऐन मध्यावर, भायखळ्यापासून दादरपर्यंत व शिवडीपासून वरळीपर्यंत, धुराडी उभी राहिली. या परिसरास कोणत्याही सरकारी दप्तराने नाव दिले नाही. लोकांनीच त्यास 'गिरणगाव' म्हटले. देशातील सर्वांत मोठ्या औद्योगिक शहराचा मध्यभाग स्वतःला 'गाव' म्हणवून घेतो, यातच त्याच्या स्वभावाचे मर्म आहे. आणि तो स्वभाव घडविण्यात मसुऱ्यासारख्या कोकणातील गावांचा जो वाटा आहे, त्याची नोंद आपल्याकडेच फारशी झालेली नाही. गिरणगावावर पुष्कळ लिहिले गेले, पण बहुतेक मुंबईच्या बाजूने. प्रस्तुत लेखात तो इतिहास गड नदीच्या काठावरून पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

गिरण्या आल्या तेव्हा परळ हा काही ओसाड भाग नव्हता. तेथे गव्हर्नरसाहेबांचा बंगला होता, भोवती बागा होत्या, आंब्यांची झाडे होती. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात महालक्ष्मी व वरळी यांमधील खिंडार बांध घालून बुजविण्यात आले. हॉर्नबी वेलार्ड म्हणून तो बांध ओळखला जातो. त्यामुळे भरतीचे पाणी आत येणे थांबले आणि बेटाच्या पोटातील सखल, खारट जमीन हळूहळू वापरात येऊ लागली. ही जमीन स्वस्त होती, मोकळी होती आणि गिरणीसाठी लागणाऱ्या इतर गोष्टीही येथे जुळून येत होत्या. दिनांक १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे आगगाडी सुरू झाली आणि १८६४ साली पश्चिमेकडील लोहमार्गही मुंबईत पोहोचला. या दोन मार्गांच्या बेचक्यात आणि आजूबाजूस बहुसंख्य गिरण्या वसल्या. पूर्वेला बंदर असल्याने कोळसा व यंत्रसामग्री उतरविणे सोयीचे झाले. वाफेच्या इंजिनांसाठी पाणी हवे म्हणून गिरण्यांनी आपापल्या आवारात तळी खोदली. शिवाय दमट हवेत सूत कमी तुटते, हा मुंबईच्या हवेचा गुण (ज्याला एरवी सगळेच नावे ठेवतात) कापडधंद्यास मानवला.

पहिली गिरणी कावसजी नानाभाई दावर यांची. १८५४ साली त्यांनी कंपनी स्थापन केली व १८५६ पासून ताडदेव येथे सूत निघू लागले. परंतु गिरण्यांची खरी लाट आली ती पुढे, आणि तिच्यामागे एक मोठी पडझड आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानी कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. त्या काळातील सर्वांत नामांकित व्यापारी म्हणजे शेठ प्रेमचंद रायचंद. जैन समाजातील या कर्तबगार पुरुषाचे 'प्रेमोद्यान' हे निवासस्थान भायखळ्यालाच होते. युद्ध संपताच १८६५ साली भाव कोसळले, समुद्र बुजविण्याच्या कंपन्यांचे शेअर कवडीमोल झाले, पेढ्या बुडाल्या, आणि प्रेमचंद शेठही त्यातून सुटले नाहीत. तरीही मातुःश्री राजाबाईंच्या नावे विद्यापीठाच्या आवारात मनोरा उभारण्यासाठी त्यांनी दिलेली दोन लाख रुपयांची देणगी कायम राहिली. १८७८ साली तो मनोरा पूर्ण झाला. या अनुभवाने पोळलेले भांडवल सट्ट्याकडून पक्क्या उद्योगाकडे वळले असे इतिहासकार मानतात, आणि १८७० नंतर गिरण्यांची संख्या झपाट्याने वाढली ती पाहता ते पटते. शतक संपता संपता मुंबईत सत्तरहून अधिक गिरण्या होत्या. त्यांचे सूत मोठ्या प्रमाणावर चीनला जाई.

परळचे रूप पालटले. १८८२ साली गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्या पत्नी परळच्या बंगल्यात पटकीने वारल्या, त्यानंतर गव्हर्नरांचे वास्तव्य मलबार टेकडीवर कायमचे गेले. बागांच्या परळमध्ये धूर आणि दाटी वाढत होती. श्रीमंतांनी भायखळा-परळ सोडले, कामगार येत राहिले. त्याच काळातील एका गोष्टीचा येथे मुद्दाम उल्लेख करावासा वाटतो. पारशी गिरणीमालक सर दिनशा माणेकजी पेटिट यांनी १८८० च्या दशकात परळला पत्नी साकरबाईंच्या नावे जनावरांचे रुग्णालय उभे केले, ते आजही चालू आहे. त्याआधी १८३४ साली शेठ मोतीशा व सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरापोळ स्थापन झाला होता. भायखळ्याचे आदीश्वर मंदिर ही मोतीशा शेठांचीच देणगी. जीवदयेच्या कामात जैन आणि पारशी अशा रीतीने एकत्र आले. मुक्या जनावरांची सोय झाली. गिरणीत चौदा तास राबणाऱ्या माणसाची सोय व्हायला मात्र आणखी बराच काळ जावा लागला, हेही तितक्याच स्पष्टपणे नोंदविले पाहिजे.

त्या माणसांत आपली माणसे होती. सिंधुदुर्ग जिल्हा दिनांक १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. तत्पूर्वीच्या सर्व कागदपत्रांत मालवण, कणकवली, देवगड, वेंगुर्ले हे भाग रत्नागिरी जिल्ह्यात मोडतात. विसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या जनगणना पाहिल्या तर मुंबईत बाहेरून आलेल्यांमध्ये रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेल्यांची संख्या अतिशय मोठी दिसते आणि गिरणी कामगारांत तर हा जिल्हा अग्रभागी. कारणे सर्वांना ठाऊक आहेत. डोंगरउताराची कातळी जमीन, भाताचे एकच पीक, वाटण्या होऊन तुकडे झालेली शेते आणि खोतीचा बोजा. भरतगडाच्या पायथ्यापासून कालावलच्या खाडीपर्यंत पसरलेल्या मसुऱ्याच्या वाड्यांत नारळ-पोफळीच्या बागा आहेत, भातशेती आहे. पण चार भावांचे घर तेवढ्यावर वर्षभर चालत नसे. दोघांनी घर-शेत सांभाळावे आणि दोघांनी मुंबई गाठावी, अशी विभागणी पिढ्यान्‌पिढ्या चालली.

मुंबई गाठण्याचा मार्ग समुद्राचा. मालवण बंदरात खडक असल्याने आगबोट दूर उभी राही आणि उतारू होड्यांतून बोटीपर्यंत जात. देवगड, विजयदुर्ग, रत्नागिरी करीत बोट भाऊच्या धक्क्याला लागे. पावसाळ्यात बोटी बंद. त्यामुळे चाकरमान्याचे गावी येणे-जाणे समुद्राच्या मर्जीवर ठरे. धक्क्यावर उतरलेला तरुण बहुधा कोणाचा तरी पत्ता खिशात घेऊनच आलेला असे. गावचा एखादा माणूस, लांबचा मामा किंवा वाडीतील जुना कामगार त्याला मुकादमाकडे नेई. मुकादम (काही ठिकाणी त्याला जॉबर म्हणत) कामावर घेणारा, काढणारा आणि अडचणीत पैसे देणाराही असे. आरंभी बदली कामगार म्हणून रोज दारात उभे राहावे लागे. कोणी गैरहजर असेल तर पाळी मिळे. कायम होईपर्यंत वर्षे जात.

राहण्याची व्यवस्था हा गिरणगावाचा खरा आत्मा, आणि तो समजून घेतल्याखेरीज बाकीचे काही कळत नाही. एका वाडीतील किंवा गावातील पुरुष मिळून चाळीत एक खोली घेत. भाडे सर्वांत वाटून घेतले जाई. भिंतीला लागून पत्र्याच्या ट्रंका, वर दोरीवर कपडे, कोपऱ्यात मोरी. गिरणी तीन पाळ्यांत चाले, म्हणून खोलीही तीन पाळ्यांत चाले. रात्रपाळीचा कामगार परतला की दिवसपाळीवाला उठून गेलेला असे आणि तीच वळकटी पुन्हा पसरली जाई. जेवण खाणावळीत. या खाणावळी चालविणाऱ्या बहुतेक स्त्रिया कामगारांच्याच घरच्या होत्या. पैकी कित्येकींना सावकाराच्या व्याजाने घेरलेले असे. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी या खाणावळवाल्या भगिनींना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळाची उभारणी केली, तेव्हा कोठे त्यांना बँकेचे दार उघडले.

गावकीच्या या खोल्यांतूनच ग्रामस्थ मंडळे निर्माण झाली. गावातील शाळेला खोली, देवळाला छप्पर, पाणंदीला दगड, कोणाच्या आजारपणाला मदत, असे निर्णय लालबाग-परळमधील दहा बाय बाराच्या खोलीत बसून घेतले जात आणि त्यानुसार वर्गणी जमा होई. गावाला मनिऑर्डर येई ती घरखर्चासाठी. ही वर्गणी त्याव्यतिरिक्त. कोकणातील अनेक सार्वजनिक कामांच्या मुळाशी गिरणीचा पगार आहे, ही गोष्ट आजच्या पिढीस सांगावी लागते.

खोलीखाली दुकान असे. लालबाग, काळाचौकी, डिलाईल रोड येथील किराणा व धान्याची दुकाने बहुशः गुजराती व कच्छी व्यापाऱ्यांची, आणि त्यांत कच्छी जैनांची संख्या मोठी. कामगाराचा पगार महिन्यातून एकदा, भूक मात्र रोजची. ही तफावत दुकानदाराच्या वहीने भरून काढली. उधारीचा हा व्यवहार केवळ धर्मादाय नव्हता हे खरे. दुकानदाराने त्यातून आपला नफा काढलाच. पण संपाच्या काळात वही मिटून न ठेवणारा दुकानदार कामगाराला आपला वाटे आणि त्याची आठवण घराघरांत राहिली. कापसाचा व्यापार करणारा, सूत काढणारा आणि सुताच्या पगारावर किराणा विकणारा असे एकाच धंद्याचे तीन पदर या मध्यभागात एकमेकांत गुंतले होते.

घरांची दाटी कोणत्या थराला गेली होती याचा हिशेब १८९६ च्या प्लेगने मांडला. निम्म्याच्या आसपास शहर ओस पडले आणि कोकणकडे जाणाऱ्या बोटी भरून निघाल्या. त्यानंतर १८९८ साली सुधारणा विश्वस्त मंडळ, म्हणजे लोकांच्या तोंडी 'बी. आय. टी.', स्थापन झाले. १९२० नंतर 'बी. डी. डी.' चाळी आल्या : वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी मिळून २०७ इमारती, प्रत्येक कुटुंबास सुमारे १६० चौरस फुटांची एक खोली. परळच्या पोयबावडी येथील बी. आय. टी. चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर दोन दशकांहून अधिक काळ राहिले.

बाबासाहेबांचे नाव येथे केवळ रहिवासी म्हणून घेऊन चालणार नाही. गिरणगावाचे गुणगान करताना एक गोष्ट सहसा झाकली जाते. विणकाम खात्यात पगार अधिक होता, पण तेथे दलित कामगारांना प्रवेश नव्हता. धोट्यात नवी कांडी घातली की धागा तोंडाने ओढून बाहेर काढावा लागे आणि तो धोटा इतरांच्या हाती जाई. त्या एका कारणावरून स्पृश्य कामगार त्यांना साच्यावर उभे राहू देत नसत. हे करणाऱ्यांत आपल्या कोकणातील मंडळीही होती. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. एका चाळीच्या नळावर जे घडे तेच गिरणीच्या आतही घडे. 'गाव' शहरात आले ते आपल्या चांगुलपणासह आणि आपल्या दोषांसहही.

कामगार चळवळीचा इतिहास विस्तृत आहे, त्यातील ठळक टप्पेच पाहू. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांच्या सभा भरवून मागण्या मांडल्या आणि त्यांच्या प्रयत्नांनी १८९० च्या जून महिन्यापासून रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळाली. आज आपण जी सुट्टी निवांतपणे घेतो तिचा जन्म गिरणगावातला. १९०८ च्या जुलैमध्ये लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा गिरण्या सहा दिवस बंद राहिल्या. १९११ साली ना. म. जोशी यांनी सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. रात्रशाळा, वाचनालये आणि परळचे दामोदर नाट्यगृह (१९२२) ही तिची कामे. १९२८ चा संप सहा महिने चालला आणि त्यातून लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन बळावली. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात तर हा भाग अग्रभागी होता.

येथील सांस्कृतिक जीवन हे सभांइतकेच जिवंत होते. अण्णाभाऊ साठे व अमर शेख यांचा आवाज या मैदानांतून घुमला. रस्त्यावर सापडलेल्या एका अर्भकाला गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने आपले नाव दिले आणि ते मूल पुढे कविवर्य नारायण सुर्वे झाले. दशावतार, भजन, नमन, शक्ती-तुरा हे सारे बोटीने मुंबईला आले व कामगारांच्या मैदानांत रुजले. चिंचपोकळीचा गणेशोत्सव १९२० चा, गणेश गल्लीचा १९२८ चा आणि लालबागचा राजा १९३४ चा. उलट दिशेनेही देवाणघेवाण होती. मसुऱ्याच्या आंगणेवाडीतील श्री भराडी देवीच्या जत्रेची तारीख पंचांगावरून ठरत नाही, देवीच्या कौलाने ठरते. ती ठरली की लालबाग-परळच्या नाक्यांवर फलक लागतात. गिरण्या थंडावल्या तरी ही प्रथा थांबलेली नाही.

दिनांक १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. नेते डॉ. दत्ता सामंत हे मूळचे आपल्याच मालवण तालुक्यातील देवबागचे. बोनस आणि पगारवाढ हे तात्कालिक कारण. परंतु १९४६ च्या औद्योगिक संबंध कायद्याने एकाच मान्यताप्राप्त संघटनेला वाटाघाटीचा अधिकार दिला होता, त्याविरुद्धचा रागही त्यात मिसळला होता. संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. तो विरत गेला. इतका काळ माणसे तगली कशी, याचे एक उत्तर आपल्या घरांत आहे. हजारो कामगार कुटुंबासह कोकणात परतले, भात आणि नाचणीवर दिवस काढले, जंगलात लाकूड तोडले, मिळेल ते काम केले. पूर्वीच्या प्रत्येक मोठ्या संपात गाव हाच कामगाराचा राखीव निधी होता. या वेळी मात्र तो निधीही संपला. घरचे दागिने गेले, मुलांच्या शाळा सुटल्या. ज्या घरात मुंबईहून मनिऑर्डर येई त्या घरातून मुंबईला तांदूळ जाऊ लागला.

सर्व दोष संपाच्या नेतृत्वावर टाकण्याची पद्धत आहे. माझ्या मते ते न्याय्य नाही. संपापूर्वी कितीतरी वर्षे अनेक मालकांनी यंत्रे बदलली नव्हती, नफा अन्यत्र वळविला होता, आणि भिवंडी-इचलकरंजीचे यंत्रमाग स्वस्त कापड काढू लागले होते. गिरणी आजारी होती. दीर्घ संपाने तिचे मरण लवकर ओढवले एवढेच. परंतु लढा किती ताणावा याचा हिशेब नेतृत्वाने केला नाही, हेही मान्य करावे लागते. १९८३ साली केंद्र सरकारने १३ गिरण्यांचे व्यवस्थापन ताब्यात घेतले. बाकीच्या एकेक करून बंद होत गेल्या. डॉ. सामंत यांची १६ जानेवारी १९९७ रोजी हत्या झाली.

गिरणी मेली तेव्हा तिच्याखालची जमीन जिवंत झाली. स्वस्त म्हणून निवडलेली ती खारट जमीन आता शहराच्या मध्यावर होती आणि तिचे क्षेत्र सुमारे ६०० एकर होते. १९९१ च्या विकास नियमावलीने असे ठरविले की गिरणीची जमीन विकसित करताना साधारण एक तृतीयांश भाग महापालिकेस मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडास घरांसाठी आणि उरलेला मालकास मिळावा. हा न्याय्य विचार होता. २००१ साली नियमात बदल झाला आणि वाटणी फक्त रिकाम्या जागेपुरती मर्यादित राहिली. बांधकामाखालची जमीन त्यातून सुटली. शेडने व्यापलेल्या आवारात रिकामी जागा ती किती असणार? सार्वजनिक वाटा नाममात्र उरला. उच्च न्यायालयाने २००५ साली हा अर्थ अमान्य केला, पण सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये तो कायम ठेवला. दरम्यान २००५ सालीच मुंबई टेक्सटाईल मिलची सुमारे १७ एकर जागा ७०२ कोटी रुपयांस विकली गेली होती.

फिनिक्स मिलच्या आवारात मॉल झाला, कमला मिलच्या आवारात कचेऱ्या व उपाहारगृहे झाली. लोअर परळला 'अप्पर' म्हणणारे लोक तेथे राहायला आले. रस्ते मात्र तेच, रेल्वेचे पूल तेच. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जणांचा बळी गेला आणि त्याच वर्षी २९ डिसेंबर रोजी कमला मिल आवारातील आगीत १४ जण दगावले. शंभर वर्षे लाखो पावलांची सवय असलेल्या भागात माणसांना सुरक्षित चालण्यापुरती जागा उरू नये, याला नियोजनाचा अभाव म्हणावे की आणखी काही, हे वाचकांनीच ठरवावे.

कामगारांच्या घरांचा प्रश्न अद्याप मिटलेला नाही. २०१२ साली म्हाडाने ६,९२५ घरांची सोडत काढली. अर्ज आले सुमारे दीड लाख. त्यानंतरही काही सोडती झाल्या, तरी बहुसंख्य अर्जदार घराविना आहेत. मुंबईबाहेर शेलू व वांगणी येथे घरे देण्याची योजना २०२४ साली पुढे आली, तिला कामगार संघटनांनी विरोध केला आणि जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानावर मोठा मोर्चा निघाला. मागणी होती घर मुंबईतच मिळावे ही.

या घरासाठी १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर नाव असल्याचा पुरावा लागतो. कामगार हयात नसेल तर वारसास तो द्यावा लागतो. गिरण्यांची दप्तरे कोठे गेली हे सांगणारा कोणी नाही. पुरावा असलाच तर तो गिरणीचे तिकीट, पगाराची चिठ्ठी, भविष्य निर्वाह निधीची पावती किंवा राज्य विमा योजनेचे कार्ड या स्वरूपात, मसुऱ्यातील एखाद्या माळ्यावर, मुंबईहून परत आलेल्या पत्र्याच्या ट्रंकेत पडून आहे. ज्यांच्या घरी अशी ट्रंक असेल त्यांनी ती या पावसाळ्यापूर्वी उघडावी, कारण वाळवी आणि दमट हवा सोडतीची वाट पाहत नाहीत.